तक्त्यात नसलेलं कारण

शिवणाच्या कारखान्यात तीस वर्षं कापड कापणाऱ्या बाईला सगळे कात्रीमावशी म्हणत. तिची एक खोड होती. टेबलावर कापड पसरलं, कागदी पॅटर्न मांडले, की मावशी कात्री मिटून नुसती बघत उभी राहायची. दहा मिनिटं, कधी पंधरा. अहो, शिवण उसवता येते; कापलेलं कापड कुणाच्या बापाला जोडता येतंय? त्या टेबलावर तिचा जीव होता.

मग आला नवा सुपरवायझर. हातात छापील तक्ता. हात रिकामे राहिले की त्यात कारण लिहायचं, तेही इंग्रजीत. चहा, बाथरूम, मशीन बंद, एवढीच कारणं छापलेली. मावशीचं कुठंच नव्हतं.

तिनं घरी भाचीला गाठलं. पोरगी कॉलेजात इंग्रजी शिकत होती.

"थिंक लिही ना, मावशी."

"अगं, बस चुकेल का, याचंही थिंकच होतं. मला गप्प उभं राहून सगळ्या बाजूंनी बघण्याचा शब्द हवाय."

भाचीनं डिक्शनरी चाळली. "मग पाँडर. शांतपणे, घाई न करता मनात तोलून बघणं. आणि लिहिताना 'आय वॉज पाँडरिंग' असं लिही. म्हणजे ते चालूच होतं, मध्येच तोडू नका."

"म्हणजे साहेबांच्या भाषेतही आहे की हे!" मावशीला असा काही आनंद झाला!

दुसऱ्या दिवसापासून तक्त्यात रोज तेच वाक्य. आठवड्यात सुपरवायझरचं डोकं फिरलं.

"याला आम्ही रिकामटेकडेपणा म्हणतो!"

"तुम्ही म्हणा. डिक्शनरी म्हणत नाही."

शनिवारी त्यानं तिला केबिनमध्ये बोलावून कागद पुढे सरकवला. यापुढे कामाच्या वेळी विनाकारण उभी राहणार नाही, असं लिहून आणलं होतं.

"सही करा. नाहीतर सोमवारपासून टेबल सोडायचं आणि पॅकिंगला बसायचं."

मावशीनं पेन हातात घेतलं. मग ते खाली ठेवलं आणि कागदाकडे बघत उभी राहिली. दोन मिनिटं झाली. पाच झाली.

"काय चाललंय?"

"तेच."

तो घड्याळ बघायला लागला, खुर्चीत चुळबुळला, पाणी प्यायला. बाहेर मशीनं थांबली आणि बायका काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. मावशी हलली नाही.

बाराव्या मिनिटाला तिनं मान वर केली. "झालं. सही करणार नाही."

"मग पॅकिंग!"

"जाते की! खोक्यांना चिकटपट्टी लावायची मला कसली लाज?" तिचा आवाज जरा कापला, पण नजर नाही. "सोमवारी मखमलीचे चाळीस तागे येताहेत. पहिली कात्री कुठं लावायची, ते आता तुम्ही बघा. उभं राहून बघा, साहेब. घाई नको."