अकरा बेचाळीसची बोट

आमची नवी कोरी यॉट पहिल्या सफरीत बुडाली नाही. बुडायला पाणी लागतं!

ह्यांनी निवृत्त झाल्यावर दोन मित्रांबरोबर शिडाची यॉट घेतली, त्याला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा जेमतेम साठीची, म्हणजे अक्कल यायला अवकाश होता. त्याच महिन्यात माझी धाकटी जाऊ नलू लोअर परळच्या टॉवरमध्ये बत्तिसाव्या मजल्यावर राहायला गेली. "वहिनी, आमच्या हॉलमधून समुद्र दिसतो," हे तिनं फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत बसून अकरा वेळा सांगितलं. (मी मोजलं.) तिला आमची बोट दाखवल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरेना!

"रविवारी सकाळी आठला पूर्ण भरती आहे. तेव्हाच निघायचं," हे म्हणाले.

"छे! गुरुजींनी अकरा बेचाळीसचा मुहूर्त दिलाय. नलूच्या वास्तुशांतीपेक्षा सरस पाहिजे, असं बजावून काढून घेतलाय मी!"

"अगं, तोवर पाणी ओसरेल."

"समुद्र आहे तो, चाळीतला नळ नाही!"

झालं! शिवडीच्या धक्क्यावरून ठोक्याला अकरा बेचाळीसला निघालो. मी पैठणीत, शिडाच्या काठीला लिंबू-मिरची. शंभर हात गेलो, खालून 'खस्स' झालं आणि बोट थांबली. पाणी मात्र थांबलं नाही, ते निघून गेलं! बोट कुशीवर कलली, पुरणपोळ्यांचा डबा घसरत नलूच्या मांडीत. समुद्राची समजूत काढायला मी नारळ सोडला, तर तो 'पच्च' करून चिखलात बसला. पाच-पन्नास फ्लेमिंगो एका पायावर उभे राहून आम्हाला बघायला लागले.

तेवढ्यात एक कोळीबुवा गुडघाभर चिखल तुडवत चक्क आमच्या बोटीपर्यंत चालत आले.

"नवी बोट? भरतीला नाय काढायची?"

"मुहूर्त होता," मी पुटपुटले.

"आनि दर्याला इचारलंव?"

नलूनं पुरणपोळी मोडली. "वहिनी, आमच्या हॉलमधून निदान पाणी तरी दिसतं हो!"

साडेचारला पाणी चढलं, बोट हलली. ह्यांनी घड्याळ बघितलं. "रविवारचा राहुकाळ लागला. सहानंतर निघू या?"

राहुकाळात दुधाला विरजणसुद्धा न लावणारी मी किंचाळले, "अहो, काढा आधी!"

घरात अजून हसतात. पण माझ्या मुहूर्ताला कुणी नावं ठेवायची नाहीत! मला जावेला बोटच दाखवायची होती ना? चांगली पाच तास दाखवली. तळासकट!