न सांगितलेले दोन पौंड

मला बोलण्याचा आजार आहे. माझ्या दुकानात माणूस एक शटल घ्यायला येतो आणि तीन शटलच्या किमतीचं ऐकून जातो. बायको म्हणते, तुम्ही झोपेतही दुकान उघडं ठेवता. अशा माणसानं आयुष्यात एकदाच तोंड बंद ठेवलं, आणि तेही जेमतेम चार मिनिटं. त्याचीच ही गोष्ट.

चंद्रपुरात जटपुरा गेटापासून थोडं आत माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. बॅटी, कॅरमची पावडर, शाळांच्या बक्षिसाचे चषक. पण माझी खरी कला गटिंगची. रॅकेटमधली तुटलेली जाळी काढून नवी तार मशीनवर ताणून विणायची, त्याला आमच्याकडे गटिंग म्हणतात. तार किती ताणायची ते पौंडात मोजतात. खेळाडू आकडा एका चिठ्ठीवर लिहून मुठीला बांधतो, आणि आपण तेवढीच ताणायची.

पण चंद्रपुरात नुसता आकडा पुरत नाही. इथलं ऊन काय चीज आहे ते इथं राहणाऱ्यालाच ठाऊक. तापलेल्या सिमेंटच्या कोर्टावर चेंडू फुगतो, उसळतो, आणि जाळीही सैल पडते. सकाळी सात वाजता रेषेच्या आत पडणारा फटका अकरा वाजता दोन हात बाहेर जातो. म्हणून माझी एक रीत आहे. कोणीही रॅकेट पुढं केली की मी आधी विचारतो, "खेळ किती वाजता?" उन्हात असेल तर दोन पौंड चढवून देतो. गावात पोरं माझी नक्कल करतात. लग्नाची पत्रिका दिली तरी म्हणतात, "काका, आता विचारा, खेळ किती वाजता!"

माझी भाची टेनिस खेळते. खेळते म्हणजे पोट त्यावरच आहे तिचं. देशात पहिल्या दहांत आली, बाहेरदेशी स्पर्धा खेळून आली. माझी बहीण आणि मेहुणे दोघंही गडचिरोलीकडं शिक्षक. शिकायला म्हणून पोरगी सातव्या वर्षी माझ्याकडं राहायला आली, आणि खाणीच्या वसाहतीतल्या क्लबाच्या कोर्टावर मीच तिला पहिल्यांदा घेऊन गेलो. मला वाटलं होतं, दोन महिने नाचेल आणि सोडून देईल.

तिच्या वाटेत एकच मुलगी उभी होती. पुण्याची. देशात पहिली. लहानपणी शिबिरात दोघी एका खोलीत राहायच्या, एकमेकींच्या वेण्या घालायच्या. मग आमनेसामने येऊ लागल्या. आमची सहा वेळा हरली. त्यानंतर दोघींच्या कोचांनी सांगितलं, बोलणं कमी करा, डोळ्यात धाक राहिला पाहिजे. धाक राहिला का माहीत नाही, बोलणं मात्र गेलं. एकदा विमानतळावर दोघी तीन तास समोरासमोरच्या बाकांवर बसल्या आणि दोघींनी मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. भाचीनं मला हे हसत सांगितलं, पण सांगताना ती नखं कुरतडत होती.

त्या वर्षी चंद्रपुरात बक्षिसाची मोठी स्पर्धा भरली. भरायची होती थंडीत. पण कधी मंडपवाला मिळेना, कधी साहेब मिळेनात, असं करत एप्रिल उजाडला. जयंतीचे निळे झेंडे अजून रस्त्यांवर होते, आणि त्यांच्यामध्येच माझ्या भाचीचा एवढा मोठा फ्लेक्स. 'चंद्रपूरची वाघीण.' फ्लेक्सवाल्यानं तिच्या शेजारी ताडोबाचा वाघ बसवला होता. जागा कमी पडली म्हणून वाघ लहान झाला आणि भाची मोठी. वाघ तिच्या मांडीएवढा. मी हसून हसून बेजार झालो. तिनं एकदाच वर बघितलं आणि स्कूटीवर मागं बसून म्हणाली, "मामाजी, दुसऱ्या रस्त्यानं चला न."

दुसऱ्या रस्त्यावर दूधवाला भेटला. "काय बेटा, जिंकून राह्यली न? सगळ्यायले सांगून ठेवलं मी!" पुढं मेडिकलवाला. "ताई, पुण्यावालीले दाखवूनच द्या एकदा!" घरी पोचेपर्यंत चौदा जणांनी तिला जिंकायला सांगितलं. हरलीस तरी चालेल, असं एकानंही म्हटलं नाही. मीही नाही.

दोघी आपापल्या बाजूनं जिंकत फायनलला आल्या. आदल्या दिवशी सकाळी ती दुकानात आली, स्टुलावर बसली. हातात सरकारी लिफाफा. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळाली होती, महिनाअखेर रुजू व्हायचं होतं.

"आई-बाबाले अजून सांगितलं नाई," ती म्हणाली. "मामाजी, मी थकली आता. सहा वेळा हरली तिच्यासंगं. उद्या तिले हरवलं त मले समजन का मी खरंच खेळाडू आहो. मग लिफाफा परत. नाई हरवलं त नोकरी धरतो, खेळ बंद."

"एका सामन्यावर काऊन एवढं?"

"एका नाई. सातव्या."

मी काहीतरी विनोद केला. आठवत नाही कोणता. ती हसली नाही. घरी सामन्याआधीचं जेवणही तिचं नेहमीचंच, दहीभात चार घास, आणि मग नळ सोडून बराच वेळ मोरीत. नळ कशासाठी सोडते ते बायकोला आणि मला ठाऊक होतं. ओकल्याचा आवाज येऊ नये म्हणून.

त्याच दुपारी पुण्याची मुलगी माझ्या दुकानात आली. गावात गटिंग करणारा मी एकटा. दुसरीकडं जाणार कुठं? उंच, शांत, डोक्यावर टोपी. तीन रॅकेटी काउंटरवर ठेवल्या, तिन्हीच्या मुठीला चिठ्ठ्या. बावन्न, बावन्न, बावन्न.

"काका, आधीच्या सामन्यांसारखंच करा. फार छान झालं होतं."

आता नीट ऐका. आधीचे सगळे सामने पहाटे नाहीतर दिव्यांखाली झाले होते. फायनल मात्र सकाळी आठला ठरली होती, आणि प्रमुख पाहुणे येणार होते. आठचा कार्यक्रम आमच्याकडं किती वाजता सुरू होतो हे मला ठाऊक, गावाला ठाऊक, फ्लेक्सवरच्या त्या वाघालाही ठाऊक. दीप, हार, शाल, भाषणं. चेंडू उडणार दहाच्या पुढं. पुण्याच्या मुलीला हे कुठून कळणार?

मी रॅकेट उचलली. प्रश्न ओठांवर आला, रोज येतो तसाच. आणि मला मोरीतला नळ ऐकू आला.

ती चार मिनिटं तिथं उभी होती. भिंतीवरचे चषक बघितले, पाणी प्यायली. म्हणाली, "इथं लोक फार प्रेमळ आहेत." मी मान हलवली. ती गेली. मी तिन्ही रॅकेटी बावन्नवर केल्या, तोळ्याचाही फरक नाही. आयुष्यातलं माझं सगळ्यांत सफाईदार काम. भाचीच्या रॅकेटींना दोन पौंड चढवले. तिला सांगावं लागत नाही, ती याच उन्हात वाढली.

दुसऱ्या दिवशी माझ्या अंदाजाप्रमाणेच सगळं झालं. पाहुणे नऊला आले. त्यांनी टेनिसवर बोलता बोलता कबड्डीवर भाषण केलं. दोघी मुली उन्हात उभ्या, दोघींच्या हातात एकसारखे गुच्छ, दोघींची नजर वेगवेगळ्या दिशेला. खेळ सुरू झाला तेव्हा दहा वाजून गेले होते. माझं मशीन कोर्टाच्या बाजूला कडुनिंबाखाली मांडलेलं. कोणाची तार तुटली तर तिथंच विणून द्यायची, तशी सोय होती.

पुण्याच्या मुलीचा पहिला जोरदार फटका रेषेच्या पार गेला. दुसराही. तिनं रॅकेट बदलली. तिसरी घेतली. तिचा कोच खुर्चीतून ओरडायला लागला, "पाय हलव! पाय!" पायांचा काय दोष? पब्लिक नाचत होतं. कोणीतरी ढोल आणला होता. पहिला सेट आमच्या पोरीनं सहा-दोन घेतला. माझ्या शेजारच्या कापडवाल्यानं मला उचललंच. "भाऊ, आपली वाघीण!" मीही ओरडलो. मनापासून ओरडलो, हे कबूल करतो.

सेट संपल्यावर भाची थेट माझ्या टेबलाकडं आली. आपली रॅकेट तपासायच्या बहाण्यानं तिनं जाळीवर तळहात मारला. माझ्याकडं बघितलं नाही.

"मामाजी, तिचे चेंडू उडून राह्यले."

"उडू दे न!"

"तुमी तिले विचारलं का, खेळ किती वाजता?"

मी पक्कड पुसायला लागलो.

"विचारलं का?"

"तिनं चिठ्ठी दिली होती. चिठ्ठीवर जे होतं ते मी केलं."

"नाई विचारलं," ती म्हणाली. ढोल वाजत होता म्हणून तिला जवळ यावं लागलं. तिच्या कानामागून घाम गळत होता. "सगळ्या चंद्रपूरले विचारता. चांभाराच्या पोट्ट्याले विचारता. तिले नाई विचारलं. मग मी कोणाले हरवून राह्यली, मामाजी? तिले का उन्हाले?"

"बेटा, तुझ्यासाठीच..."

"मले समजून घ्याचं होतं फक्त. तेवढंच त होतं." तिचा आवाज फाटला. "सांगा तिले. आत्ता."

आणि ती कोर्टावर गेली.

मी पुण्याच्या कोचकडं गेलो. एरवी पाच मिनिटांची प्रस्तावना करणारा मी, एका दमात म्हणालो, "उन्हासाठी दोन पौंड वाढवायला पाहिजे होते. काल सांगायचं राहिलं." राहिलं. हा शब्द मी वापरला. खोटा नाही म्हणता येत, आणि त्याहून खोटा शब्द मी आजवर उच्चारलेला नाही. कोचनं कपाळावर हात मारला, पोरीकडून एक रॅकेट मागवून घेतली, आणि मी मशीनवर बसलो.

वीस मिनिटांत ती रॅकेट झाली. एवढ्या घाईत मी कधी विणलं नव्हतं. घामानं तार हातातून निसटत होती. कापडवाला डोक्यावर उभा. "भाऊ, हे कोणाचं करून राह्यले? पुण्यावालीचं? काऊन? थांबा न जरा, सेट होऊ द्या!" तोवर दुसऱ्या सेटमध्ये भाची तीन-एकनं पुढं होती. मी गाठ मारली, चिठ्ठीवरचा बावन्न खोडून चोपन्न लिहिलं, रॅकेट पाठवली.

पहिला फटका रेषेच्या आत पडला. ढोलवाला थांबला.

दुसरा सेट पुण्याच्या मुलीकडं गेला, सहा-चार. तिसरा पाच-पाचपर्यंत ओढला गेला. दोघी लाल झालेल्या. एकदा दोघी नेटपाशी धडकता धडकता थांबल्या आणि क्षणभर एकमेकींना बघून हसल्या. नंतर पुण्याची जिंकली, सात-पाच.

बक्षिसाच्या वेळी त्या गुणी मुलीनं माईक घेतला. "मला एका माणसाचे आभार मानायचेत. त्यांच्या गावची मुलगी समोर असताना काकांनी स्वतः येऊन माझ्या रॅकेटची अडचण सांगितली. असा प्रामाणिकपणा मी कुठं पाहिला नाही." मग खाली येऊन माझ्या पाया पडली आणि तीच रॅकेट माझ्या हातात दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण दातओठ खात. भाची दुसऱ्या नंबरचा चषक घेऊन तीन फुटांवर उभी होती. तो चषकही माझ्याच दुकानातला. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि सांगितलंही कोणाला काही नाही. आजपर्यंत नाही.

गाव माझ्याशी महिनाभर नीट बोललं नाही. भर चौकात एकानं विचारलं, "तुमी त मामा का दुश्मन?" मी स्कूटी सुरू केली आणि दुसऱ्या रस्त्यानं गेलो.

ती मात्र चौथ्या दिवशी दुकानात आली. पुण्यावालीची रॅकेट मी काउंटरखाली ठेवली होती. तिनं ती काढली, चिठ्ठी वाचली, आणि चषकांच्या वर खिळा होता तिथं टांगली.

"राहू दे न आत," मी म्हटलं.

"राहू द्या वरतच." मग मशीनपुढं बसली. "मले शिकवा."

"काय?"

"गटिंग. माझं मी करीन."

मी शिकवलं. दोन तास लागले. एका ठिकाणी तार खालून घ्यायची ती वरून घेतली, सगळं कापून पुन्हा सुरू केलं. मी हात पुढं केला की ती कोपर आडवं धरायची. जोरात नाही, नुसतं आडवं. पूर्ण झाल्यावर तिनं तळहात मारून आवाज ऐकला. बरोबर होता.

"लिफाफ्याचं काय ठरवलं?" मी विचारलं.

"परत पाठवला." ती तारेचे तुकडे गोळा करत होती. "पहिला सेट माझा नव्हता. दुसऱ्याची सुरुवातही नव्हती. तिसरा मात्र खरा होता. सहा वेळात तिच्याकडून मी एका सेटात तीन गेमच्या वर कधी घेतले नाई. तिसऱ्यात पाच. तेवढं पुरते मले."

"मग मी जे केलं..."

"तुमी जे केलं त्याच्यानं मले समजलं, का तुमाले वाटत होतं मी हरणारच."

ती हे रागानं बोलली असती तर मी हातापाया पडून, रडून, नाटक करून तिला हसवलं असतं. ते मला जमतं. पण ती साधंच बोलली, तुकडे डब्यात टाकता टाकता.

पुढच्या स्पर्धेला निघाली तेव्हा मी तिला बसस्टँडवर सोडायला गेलो. बस लागली, तिनं बॅग खिडकीतून आत घेतली. माझ्या तोंडातून जे रोज निघतं तेच निघालं.

"खेळ किती वाजता?"

तिनं माझ्याकडं बघितलं. थोडं हसली, किंवा मला तसं वाटलं.

"तिथलं ऊन मी बघून घेईन, मामाजी," ती म्हणाली, आणि खिडकीची काच ओढून घेतली.