बोरीच्या घुगऱ्या आणि कातेरीनाचा गहू

लोक परभणीला लग्नाला जातात, दर्ग्याला जातात, बदली झाली म्हणून नाइलाजाने जातात. मी गेले ऑनलाइन ग्रुपमधला रुसवा काढायला. नवरा म्हणाला, "फोनवर नाही का मिटणार?" फोनवरच तर पेटलं होतं सगळं! शेवटी रजा टाकली आणि नाशिकरोडहून गाडी पकडली.

आमचा ग्रुप ग्रीसवेड्या मराठी माणसांचा. बहुतेकांनी ग्रीस नकाशातच पाहिलाय, मीही त्यातलीच. तरी तिथले सण, नाच, जेवण यांवर आम्ही असे हिरीरीने भांडतो की जणू तिकडे आमची शेती आहे. ग्रुपचा जीव दोघींत होता. एक बोरीच्या वंदना मॅडम, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दुसरी ग्रीसमधल्या व्होलोस शहरातली कातेरीना, जी भाषांतराच्या ॲपमधून आमच्याशी मराठीत बोलते आणि भाजीवाल्यालाही "आदरणीय महोदय" म्हणेल.

मॅडमना नात झाली. बारशाला त्यांनी ग्रुपवर बाळाचा फोटो टाकला आणि शेजारी शिजवलेल्या गव्हाच्या घुगऱ्यांचं ताट. कातेरीनाने लगेच लिहिलं, "तिची स्मृती चिरंतन राहो," आणि खाली पेटती मेणबत्ती.

तिचा तरी काय दोष? त्यांच्याकडे शिजवलेला गहू माणूस गेल्यावर करतात. त्यात साखर, डाळिंबाचे दाणे, बदाम घालतात, चर्चमध्ये नेतात आणि सगळ्यांना वाटतात. त्याला म्हणायचं कोलिवा. ताट पाहिलं आणि बाळ गेलं असंच तिला वाटलं. पण मॅडमच्या सुनेचं, सुजाताचं, पहिलं बाळ जन्मल्यावर काही तासांतच गेलं होतं. त्या घरात ती मेणबत्ती कशी पडली असेल, सांगायला नको. मॅडम ग्रुपमधून बाहेर पडल्या. कातेरीनाची लांबलचक माफी त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. तेव्हापासून ग्रुपवर नुसत्या शुभ सकाळच्या चिमण्या.

जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. नाशिक, मनमाडहून परभणीला थेट गाड्या आहेत, आरक्षण मात्र आधीच करा. हिवाळ्यातच जा, उन्हाळ्यात परभणी माणूस भाजून काढते. स्टँडवरून जिंतूरच्या एसटीने बोरीला उतरायचं. बायकांना अर्धं तिकीट. रस्ता बराचसा चांगला आहे, मधले काही तुकडे कंबरेची परीक्षा घेतात. दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर. शेजारच्या सीटवरच्या मावशींनी माझी चौकशी सुरू केली.

"बोरीत कोन हाय तुमचं?"

"मैत्रीण आहे. ग्रुपवरची. अजून भेटलो नाही."

"म्हंजी वळख ना पाळख, अन् येवढ्या लांबून आल्या? लय धाडसाच्या हाव की!"

धाडस कसलं, काय बोलायचं ते मी बोरी येईपर्यंत घोकत होते.

वंदना मॅडम दारातच उभ्या होत्या. "जय भीम, ताई. तुमी आल्या, लय बरं वाटलं. जेवा, चार दिवस ऱ्हावा. पन ग्रुपचं काढायचं न्हाई."

ज्वारीची पातळ भाकरी, मेथीची पातळभाजी, शेंगदाण्याचा ठेचा. भाकरीची ती चव नाशकात मिळत नाही, उगाच वाद घालू नका. जेवणं झाली आणि मी, जिभेला हाड नसलेली, ग्रुपचं काढलंच.

मॅडम चिडल्या नाहीत. "मला कळतंय की सगळं. त्या कोलिवाची कृती मागं मीच विचारली होती तिला. चूक कुनाचीच न्हाई. पन हिनं वाचलं ना ते." त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली.

सुजाता बाळाला खांद्यावर घेऊन दारात आली होती. "ताई, त्यांच्यात ते लहान लेकरासाठी बी करतेत का?"

"आता कशाला ते, सुजाता," मॅडम हळूच म्हणाल्या.

"कवाच कुनी बोलत न्हाई, आई. दवाखान्यातून आलो अन् सगळ्यांनी असं केलं जसं ती झालीच न्हवती. त्या बाईनं निदान मेनबत्ती तरी लावली."

मी सरळ कातेरीनालाच व्हिडिओ कॉल लावला. सुजाताला पाहताच ती रडायला लागली. ॲप बिचारं गोंधळलं, मग मॅडमनी आणि मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत दुभाष्याचं काम केलं. सुजाताने तोच प्रश्न विचारला. कातेरीना म्हणाली, "चर्चमध्ये कोलिवा नेला की गेलेल्याचं नाव विचारतात. माझ्या धाकट्या भावाला नाव नव्हतं, तो एक रात्रच जगला. माझ्या आईने घरीच गहू शिजवला आणि शेजारणींना वाटला. तो माझा भाऊ होता, हे मला त्या दिवशी कळलं."

मॅडम उठल्या. डब्यातून गहू काढला, निवडला आणि भिजत घातला.

सकाळी चुलीवर गहू शिजला. डाळिंब बाजारातून आणलं, बदामाऐवजी भाजलेले शेंगदाणे, वर साखर आणि तीळ. सुजाताने स्वतः वाट्या भरल्या. शेजारच्या गयाबाई ओट्यावर बसल्या होत्या. "घुगऱ्या? आता कुनाचं बारसं?"

"बारसं न्हाई, काकू. माझ्या थोरलीचं हाय."

गयाबाईंनी वाटी दोन्ही हातांत घेतली. "मी घेतली होती तिला दवाखान्यात. नाक तुझंच होतं बघ." मग त्या शांतपणे खायला लागल्या. सुजाता त्यांच्याजवळ बसली आणि तिने विचारलं, "अजून कशी होती?" तिला बाळाचं तोंड धड बघूही दिलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मी आत जाऊन भरपूर रडून घेतलं.

परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून पोखर्णीला नृसिंहाचं दर्शन घेऊन आले. परभणीहून रस्त्याने सहज जाता येतं, दुपारी गर्दीही नव्हती. पण खरं सांगते, माझं लक्ष त्या ओट्यावरच होतं.

घरी येऊन आठवडा झाला. ग्रीस पाहायचं राहिलंय ते राहिलंच आहे, पण त्याची हळहळ आता तितकी वाटत नाही. मॅडम ग्रुपवर परत आल्यात आणि आल्या आल्या कातेरीनाशी तिळावरून वादही घालून झालाय. काल एका नव्या सभासदाची विनंती आली. आमच्याकडे नव्या माणसाने आपली थोडक्यात ओळख लिहायची असते.

"मी सुजाता. बोरीला राहते. मला दोन मुली आहेत."