स्वयंपाकघराच्या दारावरचं लग्न

आई आमच्याकडे आयर्लंडमधल्या स्वोर्ड्सला तीन महिन्यांसाठी आली आणि करोनात विमानं बंद झाल्यामुळे अडकली, ती दुसरा हिवाळा आला तरी इथेच. तिकडे सांगलीला, जिला तिनं लहानाचं मोठं केलं, त्या माझ्या पुतणीचं लग्न मे महिन्यात ठरलं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलेलं. साखरपुडा लॅपटॉपवर दाखवला, तर म्हणाली, "ह्यातली आपली पोरगी कंची? समद्या मुंग्याच दिसत्यात."

लग्न तिला माणसाएवढं दाखवायचं, असं मी जाहीर करून टाकलं.

बायकोनं प्रोजेक्टरसाठी बेताचाच आकडा मंजूर केला. मी आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर सल्ला मागितला. तिथले इंजिनिअर लोक फोडणी कशी द्यायची विचारलं तरी तक्ता पाठवतात. "एवढ्या पैशात प्रोजेक्टर नाही, खेळणं येतं," एकानं ऐकवलं. मी इरेला पेटलो आणि तेच खेळणं मागवलं.

फेब्रुवारीच्या अंधारात, संध्याकाळी लावून पाहिलं. फक्कड! फोटो काढून ग्रुपच्या तोंडावर मारला. लग्न मेमध्ये आहे आणि इकडे मेमध्ये पहाटेच लख्ख उजाडतं, हे इथे केस पांढरे केलेल्या या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. मुहूर्त आमच्या घड्याळाप्रमाणे सकाळी सातचा.

आदल्या सकाळी रंगीत तालीम केली. पडद्यांतून एवढा उजेड, की भिंतीवर नुसता करडा डाग.

"आता मुहूर्त बदलायला सांग," बायको म्हणाली.

"द बाथरूम हॅज नो विंडो, डॅड," लेकीनं सुचवलं.

आई कडाडली, "माझ्या नातीचं लगीन न्हाणीत बघू व्हय?"

उरला बाहेरच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंतचा बोळ. बाहेरच्या दाराच्या काचेवर मी रजई ठोकायला घेतली.

"घरमालकाचं दार आहे ते! डिपॉझिट गेलं समज," बायको म्हणाली.

"जाऊ दे!" म्हणालो आणि आणखी एक खिळा मारला.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या पांढऱ्या दारावर मांडव उभा राहिला. आई नऊवारी नेसून खुर्चीत, आम्ही तिघं मागे जिन्याच्या पायऱ्यांवर, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. अंतरपाट थोडा निळसर, भटजी जरा रुंद. आवाज आधी, ओठ मागून. शेवटचं मंगलाष्टक संपलं तशी आई उठली, दारावर अक्षता टाकल्या आणि अगदी जवळ जाऊन नवरीच्या गालावरून हात फिरवला. अर्धी नवरी आईच्याच सावलीत गेली.

"बारीक झालीया गं," ती म्हणाली, "आणि कानातलं माझं घातलंय."

खरं सांगतो, मला पायरीवरून कानही नीट दिसत नव्हता. ग्रुपवर विचारणा आली होतीच, 'मग, क्वालिटी कशी?' मी फोन पालथा ठेवला आणि आईच्या पायांत आलेली वायर बाजूला ओढली. तिला अजून तिथेच उभं राहायचं होतं.