अर्जुनाची साल

नदीकाठच्या फिरायच्या वाटेवर अर्जुनाचं एक झाड आहे. माणसाचा हात पोचेल तिथवर त्याची साल लोकांनी सोलून नेली आहे. आज सकाळी एक गृहस्थ स्वयंपाकघरातल्या सुरीने उरलीसुरली खरवडत होते. मला पाहून ओशाळले.

"कोलेस्टेरॉल वाढलंय हो. गोळ्या चालू आहेत, पण बायको म्हणते काढाही घ्या."

खोडावरचा खालचा काळपट व्रण माझ्याच हातचा आहे. आमच्या ह्यांच्यासाठी दोन हिवाळे मी इथूनच साल नेली, दुधात उकळून दिली. हे नाक मुरडत प्यायचे आणि रिकामी वाटी मला उलटी करून दाखवायचे.

ऊन, कीड, बुरशी यांच्याशी झुंजायला झाड सालीत काहीतरी तुरट साठवतं म्हणे. म्हणजे ते औषध त्याने स्वतःसाठी केलेलं. आपापली माणसं वाचवायला आम्ही त्यालाच उघडं पाडलं. हे गेले. यंदा झाडालाही एका बाजूने पालवी फुटली नाही.

"गुण येतो ना हो?" गृहस्थांनी विचारलं.

"येतो," मी म्हटलं, आणि झाडाकडे बघायचं टाळलं.