मानेखालचे फोटो

तिला माहेरी-सासरी सगळे चिमणी म्हणत. चाळिशी उलटली, अंग सुटलं, केसांत रुपेरी तारा आल्या, तरी नाव बदललं नाही, कारण तोंड थांबलं नाही. ज्या कपड्यांच्या दुकानात ती बिलं करायची ते बंद पडलं, तेव्हाही ती रडली नाही. नुसती बोलत राहिली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या खोबणीत एकट्याने काम करून आलेल्या त्या माणसाला घरातली चिवचिव बरीच वाटायची.

धंद्याची सुरुवात ठरवून झालीच नाही. शिकायला परगावी गेलेल्या मुलीचा एक लोकरीचा कोट कपाटात पडून होता. चिमणी तो कोणाला तरी देऊन टाकणार होती. मुलगी फोनवर म्हणाली, "देतेस कशाला? विक की. लोक हल्ली मुद्दाम जुनं शोधतात." तिनेच तिकडून एक पेज उघडून दिलं. कोट बघता बघता खपला. मग शेजारणीचा रेशमी स्कार्फ गेला, मग त्याच शेजारणीच्या सासूची पर्स, आणि चिमणीला चटक लागली. कोणी घर बदलतंय, कोणाचं म्हातारं माणूस गेलंय, कोणी कपाटं रिकामी करतंय असं कानावर आलं की ही पिशव्या घेऊन दारात हजर. बोचकं उचलून आणायचं, त्यातलं चांगलं निवडायचं, धुवायचं, उसवलेलं शिवायचं, लोकरीवरचे गोळे काढायचे, इस्त्री मारायची आणि फोटो टाकायचे. चार पैसे सुटू लागले. मागची खोली कपड्यांच्या दांड्यांनी भरून गेली.

आणि त्याच खोलीत अक्का राहायला आली.

अक्का ही नवऱ्याची थोरली बहीण. आई अंथरुणाला खिळली तेव्हा घरात तीच होती. आईचं करता करता तिचं स्वतःचं सगळं राहून गेलं. आता आई गेली, भाड्याचं घर सोडावं लागलं.

"कुठे जाणार गं ती?" नवरा म्हणाला.

"मी काही म्हटलं का?" चिमणी म्हणाली, आणि त्या दिवशी ती खरंच एवढंच बोलली.

अक्का आली ती ताडासारखी ताठ. अंगात भावाचाच कधीकाळचा राखाडी स्वेटर, कोपरांवर विरलेला. हातातल्या पिशव्या खाली न ठेवता तिने दांड्यांवरच्या कपड्यांकडे पाहिलं.

"हे एवढे कोणाचे?"

"लोकांचे," चिमणी उत्साहाने म्हणाली. "म्हणजे होते लोकांचे. आता आपले. आणि उद्या दुसऱ्या लोकांचे!"

"म्हणजे उतरलेले."

घासात केस यावा तसं तिने तो शब्द तोंडातून बाहेर काढला. चिमणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण पहिलाच दिवस म्हणून तिने गिळलं.

अक्काने आल्या आल्या एक चादर काढली, खोलीत आडवी दोरी बांधली आणि पडदा केला. अलीकडे माल, पलीकडे अक्का. घरकामाला ती वाघ होती. सांगायच्या आत भांडी घासलेली, भाजी चिरलेली. पण कपड्यांना बोट लावायची नाही. वाळत घातलेला माल पावसात भिजत असला तरी भिजू द्यायची, घरचे कपडे तेवढे उचलायची.

"तुमच्या बंद पडलेल्या लिफ्टसुद्धा मधूनमधून खडखडतात की," चिमणी नवऱ्याला म्हणाली. "तुमच्या बहिणीच्या तोंडून दिवसभरात हो-नाहीच्या पुढे काही येईल तर शपथ!"

"तिला वेळ लागतो," तो म्हणाला. "लहानपणापासून तशीच आहे."

इकडे धंद्याचं घोडं पेंड खात होतं. माल उत्तम, पण फोटोत दिसायचा मेला. हँगरवर टांगलेला कोट म्हणजे दाराला वाळत घातलेला कोट. मुलगी म्हणाली, "आई, अंगात घालून काढ." चिमणीने घालून पाहिला. आरशात बघून तिचं तिलाच हसू फुटलं. तिने कोट घातलाय की कोटाने तिला, हेच कळेना. बाह्या बोटांच्या पुढे, खालचा काठ घोट्याशी.

एका दुपारी ती अशीच एक तपकिरी कोट दाराला लावून फोटो काढत होती. एकदा खुर्चीवर चढून, एकदा जमिनीवर बसून. तोंडाचा पट्टा चालूच होता, कोटाशीच. "अरे जरा नीट उभा राहा ना माझ्या राजा, किती पडेल चेहरा करतोस!"

पडद्यामागून आवाज आला, "खांदे उतरलेत त्याचे. तो असा दिसणारच नाही."

पडदा बाजूला झाला. अक्काने ओले हात स्वेटरला पुसले, कोट हँगरवरून काढला आणि एक क्षण तो तसाच लांब धरून उभी राहिली. मग एखादं कडू औषध घ्यावं तसा तो अंगात घातला.

कोटाला एकदम उमजलं की आपण कोट आहोत. खांदे खांद्यांवर बसले, पाठ सरळ झाली, काठ नेमका जिथे हवा तिथे येऊन थांबला. चिमणीचं तोंड उघडंच राहिलं.

"बघत काय बसलीस? काढ," अक्का म्हणाली. "आणि चेहरा नको. मानेखालून काय काढायचं ते काढ."

तो कोट संध्याकाळच्या आत गेला.

तेव्हापासून तसंच चालू झालं. अक्का कधी स्वतःहून यायची नाही, पण चिमणीने कपडा दाराला लावून दोनदा उसासा टाकला की पडदा हलायचा. फोटो मानेखालचे. गिऱ्हाइकं विचारू लागली, "फोटोतल्या बाईंना जसा बसलाय तसा मला बसेल का?" चिमणी ते निरोप मोठ्याने वाचून दाखवायची. अक्का भाजी चिरता चिरता म्हणायची, "काहीतरीच." एकीने लिहिलं, "कपडा राहू दे, या बाईंचे हात किती देखणे आहेत!" अक्का तेव्हा भाजी घेऊन उठली. पण नंतर नळाखाली भांडी विसळताना ती पाणी तसंच सोडून आपल्या हातांकडे बघत उभी होती, हे चिमणीने पाहिलं.

चिमणी तरी आधी कुठे तिच्याकडे नीट बघत होती? फोटोच्या निमित्ताने बघायला लागली. प्रत्येक फोटोत उजवा खांदा किंचित वर दिसायचा. आधी तिला वाटलं, शिवण चुकली असेल. मग वेगवेगळ्या कपड्यांत तोच खांदा तसाच दिसला, आणि तिच्या लक्षात आलं. आईला पाठीखाली हात घालून उठवायचं, वळवायचं, पुन्हा निजवायचं. इतकी वर्षं त्या एका बाजूने. फोन हातात धरून चिमणी फोटोतल्या त्या खांद्याकडे बघत राहिली.

"काय झालं? वाईट आला का?" अक्काने विचारलं.

"नाही हो. फार चांगला आला."

चादरीचा तो पडदा एकदा धुवायला काढला, तो परत लागलाच नाही. कोणी विषयही काढला नाही.

मग अक्का माल आणायलाही बरोबर येऊ लागली. पिशव्या उचलायला म्हणून आली आणि भलतीच कामाची निघाली. चिमणी बोलून बोलून, हसून, रुसून जेवढी किंमत खाली आणायची, त्याहून जास्त अक्का नुसती उभी राहून आणायची. समोरच्याने आकडा सांगितला की ती कपड्याकडे बघत राहायची. माणसाला ती शांतता सहन व्हायची नाही. तो आपोआपच म्हणायचा, "बरं, थोडं कमी करू." चिमणी नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या बहिणीच्या तोंडाला कुलूप आहे म्हणून मी रडत होते. अहो, त्या कुलपातच सगळा नफा!"

अशाच एका फेरीत एका बोहारणीकडून एक गर्द हिरवा कोट आला. मोठी शिंगाची बटणं, आत रेशमी अस्तर, जवळजवळ न वापरलेला. अक्काने फोटोसाठी तो घातला, आणि काढायला नेहमीपेक्षा थोडा उशीर केला. चिमणीला ते दिसलं. त्याच वेळी पार्सलं पोचवायची होती, बाहेर बोचरी थंडी होती, आणि राखाडी स्वेटर दोरीवर ओला.

"तसाच चला ना."

"विकायचा माल आहे तो."

"मालकीण मी आहे. मी सांगतेय."

अशी अक्का पहिल्यांदा चेहऱ्यासकट त्या कोटात रस्त्यावर आली. कुरिअरचं ऑफिस कोपऱ्यावरच होतं, अरुंद, खोक्यांनी भरलेलं. रांगेत उभं असताना चिमणीच्या ध्यानात आलं की पलीकडची एक बाई सारखी अक्काकडे बघतेय. चष्म्यातून, मान तिरकी करून. मग ती रांग सोडून जवळ आली.

"माफ करा हं," ती म्हणाली, "हा कोट माझ्या आईचा आहे."

अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. ती बटणं काढू लागली. घाईत बटण काजातून निघेना.

"घ्या," ती पुटपुटली. "मी फक्त... फोटोपुरता घातला होता. घ्या तुमचा."

"अहो, नको नको! काढू नका!" बाईने तिचे दोन्ही हात धरले. "मी तशा अर्थाने नाही म्हटलं. मीच दिला तो बोहारणीला, कपाट रिकामं करताना. आई होती बुटकी. बाबांनी हौसेने आणला आणि माप बघायचं विसरले. तिच्या पार पायांत यायचा. घातला नाही तिने, पण टाकलाही नाही. मी देऊन तर टाकला, पण मन खात होतं मला. म्हटलं, कुठल्या गाठोड्यात पडला असेल." ती थांबली. "एक करता? जरा वळता? मागून बघू दे."

अक्का त्या अरुंद जागेत, खोक्यांच्या मधोमध, सावकाश वळली. काउंटरवरच्या माणसाचा शिक्का हातातच राहिला.

"हां," बाई म्हणाली. "असा दिसायला हवा होता तो." तिने चष्मा काढून पुसला. "घाला हं. पुन्हा कपाटात नका ठेवू."

पार्सलं देऊन दोघी बाहेर आल्या. अक्का चार पावलं चालली आणि बंद दुकानाच्या पायरीवर बसली. चिमणीही शेजारी टेकली. अक्का बोलू लागली, समोरच्या रस्त्याकडे बघत.

"शाळेत असताना मला एक फ्रॉक मिळाला होता. आईने कुठून आणला मला माहीत नव्हतं. मी नवीनच समजत होते. वर्गात एक मुलगी उभी राहिली नि म्हणाली, बाई, हिने माझा फ्रॉक घातलाय."

"मेली!" चिमणी म्हणाली.

"नाही गं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ओळखीचं दिसलं म्हणून आनंदाने बोलली बिचारी. पण सगळा वर्ग वळला ना. मी दिवसभर हात असे पोटाशी घेऊन बसले, फ्रॉक कमीत कमी दिसावा म्हणून. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, पदरात पडलं, पवित्र झालं. तिचं तरी काय चुकलं? नवा आणणार कुठून? पण त्यानंतर कोणाचं काही घातलं नाही मी. भावाचं तेवढं घेतलं. तो आपला म्हणून." तिने बटणावरून अंगठा फिरवला. "आत्ता ती बाई आली ना, मला वाटलं आता सगळे वळणार."

चिमणीने अक्काचा हात आपल्या हातात घेतला आणि नुसती बसून राहिली. रस्त्यावरून एक सायकल गेली, एक कुत्रं येऊन दोघींना हुंगून गेलं.

"बोल की काहीतरी, चिमणे," अक्का शेवटी म्हणाली. "तू गप्प बसलीस की भीती वाटते."

चिमणे! इतक्या महिन्यांत 'अगं'च्या पुढे ती कधी गेली नव्हती. चिमणीने डोळे पुसले आणि घर येईपर्यंत कुरिअरवाल्याच्या शिक्क्यापासून कुत्र्याच्या शेपटीपर्यंत वाटेल ते बोलत राहिली.

घरी येऊन तिने तो कोट पेजवरून काढला. एका गिऱ्हाइकाचा निरोप आलेलाच होता, बाई चांगली किंमत देत होती. चिमणीने लिहिलं, 'गेला.'

अक्काने खांद्यावरून वाचलं. "कोणाला गेला?"

"आहे एक. उंच आहे. फार बोलत नाही."

अक्का वळून आत गेली. संध्याकाळी भाऊ घरी आला तेव्हा ती त्याच कोटात दारापाशी झाडू मारत होती. घरात तशी थंडी नव्हती. तो तिच्याकडे बघत राहिला, हत्यारांची पिशवी खाली ठेवली, आणि म्हणाला, "अक्का, आत जरा उकडतंय का गं तुला?"

"नाही," अक्का म्हणाली.

"मग राहू दे," तो म्हणाला.

पुढे धंदा दोघींचा झाला. खोलीतल्या दांड्या वाढल्या, भांडणंही वाढली. अक्काला बोलता येतं हे घराला कळलं, आणि बोलली की ती नेमकं बोलते हेही. एकदा मालात एक पिवळं जाकीट आलं, आखूड, बारीक फुलांचं. अक्काने घातलं तर बाह्या कोपरांशीच संपल्या.

"हे तुझं आहे," ती म्हणाली. "घाल. आज फोटो मी काढते."

"मी? माझं पोट बघा!"

"मानेखालून काढते. कोणाला कळायचं नाही."

"वा! काढायचा तर तोंडासकट काढा. तोंड वगळलं तर माझ्यात राहतंच काय?"

अक्का हसली. जवळ येऊन तिने जाकिटाची कॉलर सारखी केली, खांद्यावरचा दोरा काढला, चिमणीच्या कानामागे केस सरकवले आणि मान जरा मागे घेऊन बघितलं. सावकाश, घाई नसल्यासारखं. आपल्याकडे असं कोणी शेवटचं कधी बघितलं होतं, ते चिमणीला आठवेना. हातांचं काय करायचं तेही कळेना. म्हणून ती आणखीच बोलायला लागली.

"गप्प बस जरा, हलतेयस!" अक्का ओरडली आणि फोटो काढत सुटली.

एकूण एक फोटोत चिमणीचं तोंड उघडं. त्यातलाच एक अक्काने निवडला आणि पेजवर टाकला. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "जाकीट छान आहे, पण या बाई काय सांगतायत?"

उत्तर अक्काने स्वतः लिहिलं. एकेक अक्षर शोधत, चिमणीला फोन न दाखवता: 'त्या थांबत नाहीत, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. जाकीट मात्र त्यांच्यासारखंच उबदार आहे.'