बुरुजावरचा भाऊ

एका इंग्रजी कादंबरीची शेवटची सहा पानं मी फाडून बंबात घातली, आणि त्याच गरम पाण्यानं आंघोळ करून, भांग पाडून, त्या कादंबरीचा अर्थ सांगायला गेलो.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि बहिणीला तर नाहीच — तिला का नाही, ते येईलच पुढे. तुम्हाला का सांगतोय? तेही मला नीट कळत नाही. सुरुवात कुठून करायची, तेसुद्धा.

खेळापासून करतो. नव्वदचं दशक, गाव सोनई. एस्टी स्टँडजवळ पत्र्याच्या गाळ्यात अण्णांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. दोन टीव्ही, एक पंखा, आणि अकरावी-बारावीतले आम्ही सगळे घामाघूम. तिथल्या एका खेळाचं इंग्रजी नाव इतकं लांबलचक होतं की आम्ही त्याला नुसतं 'बुरूज' म्हणायचो. एक योद्धा कैदेतल्या भावाला सोडवायला बुरूज चढतो. बारा मजले. सगळ्यात वर काळ्या मुखवट्याचा पहारेकरी. त्याला मारलं की पडद्यावरून इंग्रजी ओळी भराभर सरकायच्या आणि खेळ पुन्हा पहिल्या मजल्यावर. भाऊ कुठेच नाही! मग तो गेला कुठं? यावर आम्ही जेवढं डोकं चालवलं तेवढं गणितात चालवलं असतं तर — जाऊ द्या.

माझं म्हणणं, भाऊ तळघरात आहे. पहिल्या मजल्यावर विहीर दिसते, तिच्यामागं दार असणार. पुरावा? मी मास्तरांचा मुलगा, हाच पुरावा. मिलिंदचं म्हणणं निराळं होतं. तो आलेखाच्या वहीत एकेका मजल्याचा नकाशा काढायचा. तो म्हणाला, मुखवट्यातला तोच भाऊ. सुरुवातीच्या चित्रात भाऊ डावखुरा आहे, आणि पहारेकरीही डाव्या हातानंच तलवार धरतो.

"नीट बघा की. आपन वार केल्याबिगर त्यो हात उचलत न्हाई."

आम्ही हसलो. ज्याला सोडवायला जायचं त्यालाच मारायचं? असला खेळ कोण काढील?

त्याच सुमारास नगरला, रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत, मला त्याच खेळावरची कादंबरी मिळाली. वर तोच बुरूज, तोच मुखवटा. वादच मिटला — छापलेलं, आणि तेही इंग्रजीत! आमच्या देवळात श्रावणात पोथी लागायची. एक जण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, आणि अर्थ सांगणाऱ्याला मध्येच अडवायची रीत नव्हती. ही सोय मी बरोबर उचलली. दर रविवारी सकाळी, पार्लर उघडायच्या आधी, बाहेरच्या बाकावर एक प्रकरण. वाचणारा मी, अर्थ सांगणाराही मीच. दहा शब्दांतले चार मला समजायचे, उरलेले सहा पदरचे. अधूनमधून विहीर घालायचो. पुस्तक कुणाच्या हातात मात्र देत नव्हतो — फाटेल म्हणून!

शेवटचं प्रकरण शनिवारी घरी वाचलं. आणि काय सांगू — सगळ्या पुस्तकात तेवढंच मला अक्षर न् अक्षर समजलं. मुखवटा निघतो. आत भाऊ असतो.

म्हणजे मिलिंद बरोबर. दुसऱ्या दिवशी जाऊन एवढंच सांगायचं होतं ना? पण दोन महिने मी पुस्तकाच्या नावावर विहीर खणत होतो. आणि समोर मिलिंद. आमच्या आळीतला नसलेला, बुद्धविहारामागं राहणारा मिलिंद. हरणं टोचलं, की त्याच्याकडून हरणं टोचलं? या प्रश्नापाशी आलो की मी अजूनही दुसरीकडेच बघतो.

सकाळी पानं बंबात गेली. बाकावर बसून मी सांगितलं, शेवटची पानं धाकट्या बहिणीनं फाडली, पण माझी वाचून झाली होती. भाऊ तळघरात, दार विहिरीमागं. बहीण तेव्हा दुसरीत होती आणि वहीला कोपरा पडला तरी रडायची. पण हे तपासणार कोण? मिलिंदनं पहिल्यांदाच पुस्तक हातात घेतलं, उघडलं, आणि फाटलेल्या कडांवरून बोट फिरवलं. मिटून माझ्या हातात परत दिलं. पोरं बोलली. भावाला मारायला निघालेला म्हणून त्यांनी त्याला नाव ठेवलं — 'भाऊमाऱ्या'. ते मी ठेवलं नाही. हसलो फक्त. की ठेवलं मीच? खरंच सांगता येत नाही.

दाराचं तर भलतंच झालं. आठवड्याभरात आमच्यातल्या राजूला विहिरीमागं फट दिसली. आणखी एकाला आतून आवाज आला. आणि एका दुपारी माझ्या लक्षात आलं, की पार्लरमध्ये कुणी नसताना मी एकटाच तासभर पडद्यावरची विहिरीमागची भिंत ठोकतोय. जे दार मी बनवलं, ते मी शोधत होतो! असेल का, असं वाटायला लागलं होतं. अजूनही कधीकधी वाटतं. याला काय म्हणायचं?

मिलिंद यायचा बंद झाला. त्याला ठेवलेलं नाव मात्र गावात फिरत राहिलं. मेमध्ये त्याच्या थोरल्या भावाचं लग्न निघालं. वडील नव्हते, या भावानं कारखान्यात हजेरीवर राबून मिलिंदला शिकवलं. मिलिंद पंगतीत वाढत होता, आणि आमच्यातल्या एकानं मोठ्यानं हाक मारली, "ए भाऊमाऱ्या, इकडं वाढ की!"

भर मांडवात. नवरदेव चार हातांवर बसलेला. मिलिंदची आई जागीच थांबली. "काय म्हनला रं त्यो?" तिनं विचारलं, आणि बघितलं माझ्याकडं — मास्तरांचा मुलगा, तो नीट सांगेल म्हणून. अर्थ सांगणं हेच तर माझं काम होतं. मी सांगितला नाही. मान खाली घातली, शरमेनं अंग जळत होतं, घास उतरेना — मला तरी असंच आठवतं.

पुढे पुष्कळ वर्षांनी शेवगावच्या स्टँडवर मिलिंद भेटला. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर झालेला. त्यानं चहा सांगितला. मी इकडचं तिकडचं बोलून "ते पुस्तक रे—" एवढं म्हणालो.

"भाऊच हुता ना मुखवट्यात?" तो म्हणाला. "तवाच कळलं मला. सोड."

पानांचं काय केलं ते तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही. त्याऐवजी मी लग्नाचं काढलं. आवाज जड करून म्हणालो, त्या दिवशी तुझ्या आईपुढं मला काही बोलताच आलं नाही बघ.

मिलिंदनं कप खाली ठेवला.

"कसं बोलता येईल? तोंडात बुंदी हुती तुझ्या. दुसऱ्यांदा मागून घेतल्ती."